सामाईक विहीर

शंकेखोर : तुमचं टिपण वाचलं. एका कारखान्याची राख दुसऱ्याने घ्यावी, एकाची वाफ शेजाऱ्याला मिळावी, आणि ही सोयरीक नगरपालिकेने नाहीतर जिल्हा पंचायतीने जमवावी, असं तुमचं म्हणणं. वाचायला गोड आहे. पण यात नवं काय? कलबुर्गीच्या एका दालमिलमध्ये मी बारा वर्षं वह्या लिहिल्या. तुरीचं पोतं आत आलं की डाळ एका दाराने बाहेर जायची, चुणी पशुखाद्यवाल्याच्या गाडीत, भुसा कुणाच्या तरी भट्टीला, तुकडाही विकला जायचा. झाडलोटीतले दाणेसुद्धा कोंबड्यांसाठी न्यायला माणूस ठरलेला. हे जुळवायला डीसी (जिल्हाधिकारी) साहेबांनी मीटिंग घेतली नव्हती. एक दलाल होता, आधी सायकलवर यायचा, नंतर मोटारसायकलवर. बीदरकडे बघा. साखर कारखान्याची मळी डिस्टिलरीला जाते, बगॅस बॉयलरला, प्रेसमड उसाच्या शेतात. गुऱ्हाळवाला तर रसाच्या कढईखाली त्याच उसाची चिपाडं सारतो, त्याला कुणी प्रशिक्षण दिलं होतं? ज्याला किंमत आहे ते कुणी टाकत नाही. सरकार मधे पडलं की आधी समिती होते, मग पोर्टल होतं, मग पोर्टलचा पासवर्ड माहीत असलेला क्लार्क बदलून जातो.

उत्साही : "ज्याला किंमत आहे", हे तुमचेच शब्द. चुणीला म्हैस आहे म्हणून दलाल आला. मला ज्याला दलाल येत नाही त्याबद्दल बोलायचंय. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद, वाडी, चित्तापूर या पट्ट्यात फरशीच्या तुकड्यांचे जे ढीग पडलेत ते किती वर्षांचे आहेत, सांगता येईल? महाराष्ट्रातली किती घरं, शाळा, एसटी स्टँडं शहाबादी फरशीवर उभी आहेत. तिचा हा मागे राहिलेला हिस्सा. खाणीत जाड, वाकडा, तडकलेला दगड बाजूला पडतो, ते एक. दुसरं पॉलिशच्या मशीनखाली बघा. डिस्क फिरते, वरून पाण्याची धार चालू असते, आणि खालून दुधात राख कालवल्यासारखं पाणी वाहतं. ते मागच्या खड्ड्यात जातं, गाळ बसतो, खड्डा भरला की गाळ उपसून बांधावर ओततात. उन्हाने तो वाळतो आणि वारा सुटला की शेजारच्या तुरीच्या पानांवर जाऊन बसतो. चिमटीत घेऊन बघा, ज्वारीच्या पिठाहून मऊ. म्हणजे हे चुनखडीचं दळलेलं पीठ आहे. आणि तिथून वीस-तीस किलोमीटरवर सिमेंटचा कारखाना काय करतो? चुनखडी खणतो, फोडतो, वीज जाळून दळतो आणि तिचंच पीठ करतो. एकीकडे पीठ फेकायचं, दुसरीकडे दळण दळायचं. इथे तुमचा मोटारसायकलवाला का नाही आला? कारण एकेका पॉलिशवाल्याकडे जेमतेम ट्रॉलीभर गाळ निघतो, आणि ट्रॉलीचं भाडं मालापेक्षा जास्त. चाळीस ट्रॉल्या एका जागी आणणारा कुणीतरी हवा. तो कोण?

शंकेखोर : चांगला दाखला दिलात, आणि मी तोच उलटा धरतो. सिमेंटवाल्याला नुसतं पीठ नको असतं, एकसारखं पीठ हवं असतं. चुना किती, वाळूचा अंश किती, ओल किती. आज एका खाणीचा गाळ, उद्या दुसरीचा, परवा कुणीतरी त्यात ग्रॅनाइटचा मिसळलेला. भट्टीचा मॅनेजर दारातून परत पाठवेल आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण खरी अडचण रसायनाची नाही, कागदाची आहे. शहाबादी दगड घराच्या जमिनीला बसवला तर ते गौण खनिज. तोच चुनखडी म्हणून सिमेंटच्या भट्टीत गेला तर मुख्य खनिज. दगड एक, खाण एक, पण रॉयल्टी वेगळी, परवाना वेगळा. मग गाळाची ट्रॉली भट्टीच्या दाराशी नेणारा माणूस कोणत्या पावतीवर नेणार? रस्त्यात अडवला तर अवैध वाहतूक. आणि हे वर्गीकरण ठरतं कुठे? बेंगळुरूला आणि दिल्लीला. तुमची नगरपालिका यात काय करणार? ठराव करेल. ठरावाला स्टॅम्प लागतो, एवढंच.

उत्साही : वर्गीकरण वर ठरतं, मान्य. पण जागा इथली असते. मला नगरपालिकेकडून आणि ग्रामपंचायतीकडून रसायनशास्त्र नकोय. गाळ वाळवायला एक आवार, एक वजनकाटा, आणि आठवड्याला नमुना तपासून फळ्यावर लिहिणारा एक माणूस. पैशाचं म्हणाल तर २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावात गेलेल्यांवर १० टक्के रक्कम वेगळी द्यावी लागते, आणि ती खाणीने बाधित झालेल्या भागासाठी जिल्ह्यातच राहते. सिमेंटच्या एवढ्या खाणी असलेल्या जिल्ह्यात हा पैसा काही किरकोळ नसणार. शिवाय कल्याण कर्नाटकाला ३७१ जे कलमाखाली वेगळं विकास मंडळ आहे. समाजमंदिरं झाली, कमानी झाल्या, एखादं वाळवणीचं आवारही होऊ दे. एकदा वजन आणि तपासणी सार्वजनिक झाली की कागदाचा प्रश्नही वेगळा दिसतो. आज खाण खात्याला भीती वाटते ती गाळाच्या नावाखाली चांगला दगड जाण्याची, आणि ती खोटी नाही. काट्यावर नोंद असेल तर ती भीती मोजता तरी येईल.

शंकेखोर : आवार कुणाचं? सगळ्यांचं. म्हणजे कुणाचंच नाही. माझ्या आजोबांनी भालकीजवळ विहीर खणली. तीन मुलगे, विहीर एक. पहाणीच्या उताऱ्यावर तिघांचा सारखा हिस्सा. पहिली काही वर्षं मोटेवर निभावलं, कारण बैल थकले की आपोआप पाळी बदलायची. मग मोटर बसली. मोठ्या काकांनी ऊस लावला, धाकट्यांनी हरभरा, आणि आमच्या वडिलांच्या वाट्याला लाइटबिल आलं. मोटर जळाली तेव्हा कुणाच्या पाळीत जळाली यावर दोन वर्षं बोलणं बंद होतं. शेवटी तिघांनी तीन बोअर मारले. आता विहिरीत पिंपळ आहे. एमआयडीसीतली सामाईक सांडपाणी केंद्रं बघा, हीच गत. प्रत्येकाला वाटतं शेजारी जास्त घाण पाणी सोडतो, मी कशाला नीट सोडू? सामाईक गोष्टीत पहिला मरतो तो प्रामाणिक माणूस. त्याच्या पाण्याचा रंग चांगला असतो, म्हणून त्याला बिल मात्र सगळ्यांइतकं येतं.

उत्साही : तुमच्या विहिरीत हिस्सा लिहिलेला होता, पाळी लिहिलेली नव्हती. मी पाळी लिहिणाऱ्याबद्दल बोलतोय. लांब कशाला, बीदरच्या नौबादला चला. बहामनी काळातली सुरंग बावी आहे तिथे, करेझ म्हणतात. जमिनीखालून खणलेला दोनेक किलोमीटरहून लांब बोगदा, वर ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी. डोंगरकड्याच्या पोटातलं पाणी उताराने वस्तीपर्यंत. ते एका शेतकऱ्याने खणलं नसतं आणि दहा व्यापाऱ्यांनी एकत्र येऊनही नसतं, कारण बोगदा कुणाच्या जमिनीखालून जातो हा प्रश्न राजाच सोडवू शकत होता. राजाने पाण्याचा धंदा केला नाही. त्याने वाट काढून दिली. माझं स्थानिक सरकारकडे एवढंच मागणं आहे. कारखान्याच्या कुंपणाबाहेर पाइप टाकायचा तर रस्ता ओलांडावा लागतो, नाला ओलांडावा लागतो, कुणाचं तरी शेत लागतं. हे दोन कारखान्यांच्या करारात बसत नाही.

(इथे मी, लिहिणारा, मधे तोंड घालतो. या विषयावर कुणी बोलू लागलं की डेन्मार्कचं कालुन्डबोर्ग येतंच, म्हणून ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं. तिथे वीज केंद्राची वाफ औषध कारखान्याला आणि तेलशुद्धीकरण कारखान्याला जाऊ लागली, शहराची घरं त्याच उष्णतेवर तापतात, धुराड्यातल्या गंधकापासून झालेला जिप्सम शेजारच्या फलकांच्या कारखान्यात गेला. जगभरचे लोक बघायला जातात. पण हे कुणी आखलेलं नव्हतं. सुरुवात १९६१ सालची: शुद्धीकरण कारखान्याला भूजल वाचवून तिस्सो तळ्याचं पाणी हवं होतं, पैसे कारखान्याने घातले, पाइप टाकायची जबाबदारी नगरपालिकेने घेतली. पुढचे करार एकेक करून, दोघादोघांत, फायदा दिसला म्हणून झाले. या सगळ्याला "सहजीवन" हे नाव १९८९ च्या सुमारास मिळालं. दोघेही पुढे याचा आपापल्या सोयीचा अर्थ काढतील, ते वाचकाने बघून घ्यावं.)

शंकेखोर : बघा, दोघादोघांत, फायदा दिसला म्हणून. माझंच म्हणणं झालं. आणि कालुन्डबोर्ग छोटं गाव; मॅनेजर मॅनेजरला बाजारात भेटायचा, पोरं एका शाळेत. आपल्याकडे सेडमच्या भट्टीचा निर्णय सेडमला होतो का? सेडमचा वासवदत्ता सिमेंट केसोरामकडून अल्ट्राटेककडे गेला, मळखेडचा कारखाना आधीपासून त्यांचाच. चित्तापूरचा ओरिएंट २०२५ मध्ये अंबुजाकडे गेला, आणि वाडीची एसीसी आधीच त्याच घरात. आणखीही काही कंपन्या आहेत, पण मोठ्या भट्ट्यांपैकी बऱ्याचशा आता दोन घरांच्या. तुमचा फरशीवाला गाळ घेऊन जाईल तेव्हा समोर मोठं गिऱ्हाईक किती? दोन. आज ते म्हणतील आणून टाक, फुकट घेतो. उद्या म्हणतील, टाकायचे पैसे दे. वाटणी बरोबरीच्या माणसांत होते. हत्तीने मुंगीला "आपण दोघं मिळून पूल ओलांडू" म्हणावं, तशी ही सहकाराची भाषा.

उत्साही : म्हणूनच मुंगीच्या बाजूने काट्यावर कुणीतरी बसलेला हवा, आणि जो विकला जात नाही असा हवा. कारखान्याची मालकी बदलते, नगरपालिकेची बदलत नाही. हसू नका, मी माणसांबद्दल बोलत नाही, संस्थेबद्दल बोलतोय. आणि संस्थेकडे स्वतःचाही माल असतो, हे आपण विसरतो. नागपूर महापालिकेकडे सांडपाणी होतं. भांडेवाडीला १३० एमएलडी, म्हणजे रोज १३० दशलक्ष लिटर, प्रक्रिया होऊन ते पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, आणि तेवढं धरणातलं पाणी माणसांसाठी सुटतं. २०१६ च्या वीजदर धोरणात तर लिहिलंय की सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी हेच पाणी वापरायचं. आता कलबुर्गीला कापडाचा मोठा पार्क येतोय, मार्च २०२३ मध्ये देशात जी सात ठिकाणं जाहीर झाली त्यातलं एक. महाराष्ट्रातल्या अमरावतीचंही नाव त्याच यादीत. रंगाईला पाणी किती लागतं हे इचलकरंजीला विचारा, आणि ते नंतर कुठे जातं हे पंचगंगेला. कारखाने बसायच्या आधी वाफेची वाट, पाण्याची वाट, सांडपाण्याची वाट आखली तर आखली. एकदा शेड उभे राहिले की मग करेझ खणता येत नाही.

शंकेखोर : पाण्याचं मी मान्य करतो. पाणी मोजता येतं, पाण्याला वास आला तर कळतो, आणि पाण्याची गरज कुणाला पटवावी लागत नाही, आमच्याकडे तर नाहीच. पण कचऱ्याचं काय? २०१६ च्या घनकचरा नियमांत होतं की कचऱ्यापासून इंधन करणाऱ्या केंद्रापासून १०० किलोमीटरच्या आतल्या कारखान्यांनी निदान ५ टक्के इंधन त्यातून घ्यावं. कलबुर्गी शहरापासून वाडी, चित्तापूर, सेडम सगळं या परिघात. कागदावर सोन्यासारखं. आता घंटागाडीत बघा. भाजीची देठं, बाळाचे डायपर, गुटख्याच्या पुड्या, चपलेचा तुटलेला पट्टा, आणि सगळ्यावर आदल्या रात्रीचा रस्सा. ओला कचरा भट्टीत घातला तर आधी पाणी उकळायलाच कोळसा जातो. चपलेतलं आणि पाइपातलं पीव्हीसी गेलं की क्लोरीन. त्याचे क्षार भट्टीच्या वाटेत चिकटून थर धरतात, मग भट्टी थांबवून फोडायचे. मॅनेजर म्हणतो, मला तुमचा कचरा नको, तुमच्या कचऱ्यातलं इंधन पाहिजे. ते वेगळं करायचं काम कुणाचं? नगरपालिकेचं. जी घंटागाडीला दोन कप्पे केले तरी दोन्हीत एकच माल भरते.

उत्साही : तुम्ही टीका करता करता माझी यादी पुरी करताय. वाटणीची सुरुवात कुंपणाबाहेर होत नाही, घरात होते. ज्या नगरपालिकेला चपलेचा पट्टा आणि भाजीचं देठ वेगळं करता येत नाही तिने कारखान्यांची सोयरीक जमवू नये, हे मी लिहून देतो. पण नेमकं हे काम दुसरं कुणी करू शकत नाही. बसवकल्याणला हायवेला ट्रकांची गॅरेजं आहेत, एकेका गॅरेजात महिन्याला चार-दोन डबे जळकं ऑइल निघतं. नियमाने ते घातक कचऱ्यात येतं आणि परवाना असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याकडेच गेलं पाहिजे. जो परवानेवाला आहे तो चार डब्यांसाठी येत नाही. जो येतो तो विचारत नाही. पुढे ते कुठे जळतं, हे गॅरेजवाल्यालाही माहीत नसतं. नगरपालिकेने एक टाकी ठेवली, महिन्यातून एकदा परवानेवाल्याला बोलावलं, पावती दिली, तर एवढ्यानेच केवढं ऑइल सरळ वाटेला लागेल.

शंकेखोर : आता तुम्ही माझ्या दाराशी आलात. घातक कचरा. इतका वेळ आपण राख, गाळ, चिपाडं बोलत होतो. ती गरीब जनावरं आहेत. बीदरच्या कोळार वसाहतीत औषधांचा कच्चा माल करणारे रासायनिक कारखाने आहेत. आजूबाजूच्या गावांच्या वासाच्या तक्रारी जुन्या आहेत. तिथे ऊर्ध्वपातन झाल्यावर तळाला जो डांबरासारखा गाळ उरतो, जी वापरलेली सॉल्व्हंटं उरतात, ती तुम्ही सेडम-वाडीच्या भट्टीत घालणार. बरोबर?

उत्साही : बरोबर, आणि मी ते लपवत नाही. भट्टीतला माल १४५० अंशांना भाजतो, ज्वाला २००० च्या आसपास असते. सेंद्रिय रसायन इतक्या उष्णतेत पुरेसा वेळ राहिलं की मोडतं, आम्लाला चुना गिळतो, राख क्लिंकरमध्ये मुरते, मागे पुरायला काही उरत नाही. उलट हा गाळ बेंगळुरूजवळ दाबसपेटला पुरायला न्यायचा तर सहाशे किलोमीटरच्या घरात टँकर पळवायचा. भट्टी जिल्ह्याच्या शेजारी आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांतलं नववं कलम यालाच वाट देतं, अर्थात प्रदूषण मंडळाची मंजुरी आणि ठरलेली कार्यपद्धती असेल तर. राज्याच्या सीमेपलीकडेही नेता येतं. पुरायला न्यायचं तर दोन्ही राज्यांच्या मंडळांचा ना-हरकत दाखला लागतो. भट्टीत वापरायला न्यायचं तर दोन्ही मंडळांना आधी कळवलं की चालतं. आपल्या भागाला हे कळायला हवं. उदगीर, उमरगा, जहिराबाद आपल्याला बेंगळुरूपेक्षा जवळ. तूर सीमा ओलांडते, ऊस ओलांडतो, नवरी ओलांडते, फक्त फाइल ओलांडत नाही.

शंकेखोर : सगळं मोडतं म्हणालात. पारा मोडत नाही, तो धुराड्यातून वर जातो. आत काय घातलं हे नीट माहीत असेल तरच तुमचं विज्ञान चालतं. आणि शेजाऱ्याने सांगितलेलं खरं मानायची किंमत आपल्या मांजरा नदीने दिलेली आहे. बसवकल्याणच्या त्याच हायवेवर, बीदरहून शंभरेक किलोमीटरवर पटणचेरू. औषध कारखाने आले, विहिरी नासल्या, मग १९९४ मध्ये सगळ्यांचं मिळून सामाईक सांडपाणी केंद्र झालं. वाटून घ्यायचं उदाहरण म्हणून तेव्हा त्याचंही कौतुक झालं असणार. पाणी नक्कावागू ओढ्यातून मांजरेत जातच राहिलं. लोक कोर्टात गेले, आणि शेवटी १८ किलोमीटरची पाइपलाइन टाकून ते पाणी हैदराबादच्या अंबरपेटच्या केंद्राकडे वळवावं लागलं. घाण सामाईक झाली की गुन्हेगारही सामाईक होतो, म्हणजे सापडत नाही. पूर्वी ओढा काळा झाला तर गावकरी बोट दाखवू शकत होते, हा कारखाना. आता बोट कुणाकडे दाखवायचं? तुमच्या त्या सोयरिकीच्या बैठकीत कारखानदार असेल, मंडळाचा अधिकारी असेल, नगरपालिकेचा इंजिनिअर असेल. धुराड्याखालचं गाव असेल का?

उत्साही : असलं पाहिजे, आणि हे मी मनाचं बोलत नाही. राज्यघटनेचं २४३ झेडडी कलम काढा. जिल्हा नियोजन समितीने आराखडा करताना पंचायती आणि नगरपालिका यांच्या समान हिताच्या गोष्टींचा विचार करायचा, आणि त्यात शब्द आहेत: पाणी आणि इतर भौतिक व नैसर्गिक साधनांची वाटणी. पर्यावरणाचं जतनही त्याच ओळीत. १९९३ पासून हे लिहिलेलं आहे. समितीचे निदान चार-पंचमांश सदस्य जिल्हा पंचायतीच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतूनच निवडायचे असतात. म्हणजे गावाला दार घटनेनेच ठेवलंय. आपण त्या दारातून फक्त रस्त्यांच्या आणि शाळाखोल्यांच्या याद्या आत ढकलल्या.

शंकेखोर : निवडणुका वेळेवर झाल्या तर सदस्य, सदस्य असले तर समिती. बरं, बसली समिती. तिला कारखाना नको म्हणता येईल? ज्या पंचायतीला कर त्या कारखान्याकडून येतो, ज्या गावची पोरं तिथे कंत्राटावर आहेत, ती पंचायत काट्यावर बसून वजन खरं सांगेल? आणि दुसरी भीती याहून खोल आहे. गाठ बांधली की सुटत नाही. हळ्ळीखेडचा सहकारी साखर कारखाना कित्येक दिवस बंद राहिला. समजा त्याच्या बगॅसवर एखादा कारखाना आणि वाफेवर दुसरा उभा असता, तर एक बंद पडला म्हणून तिघांना कुलूप लागलं असतं. तुमच्या कालुन्डबोर्गच्या वीज केंद्राने कोळसा सोडून लाकडाच्या चिपा घेतल्या, मग कोळशाच्या गंधकातून येणारा जिप्सम कुठून येणार? इकडे रायचूरच्या औष्णिक केंद्राची राख सिमेंटमध्ये जाते, १५ ते ३५ टक्के चालते, चांगलंच आहे. २०२१ च्या अधिसूचनेने राख शंभर टक्के वापरा, नाहीतर उरलेल्या टनाला हजार रुपये भरा असं सांगितलं, तेही चांगलं. पण उद्या कोळसा कमी करायची वेळ आली तर पहिला आरडाओरडा कोण करेल? राखेवर जगणारा. कचऱ्याला गिऱ्हाईक मिळालं की कचरा कमी करायची घाई संपते. माझी मुख्य तक्रार ही आहे, बाकीच्या सगळ्या तक्रारी तुम्ही पैसे आणि माणसं देऊन मिटवाल.

उत्साही : याला माझ्याकडे उत्तर नाही. अर्धं आहे. करार मुदतीचे ठेवावेत, पाच वर्षांचे, आणि दर खेपेला आधी विचारावं की हा माल तयारच होणार नाही असं काही करता येईल का. पण हे विचारणारा तोच, ज्याला त्या मालावर पट्टी मिळते. तुमचं बरोबर आहे. ज्याला मी काट्यावर बसवतोय त्याचाच हात काट्यावर आहे. तरी मला सांगा, त्याला उठवलं तर तिथे कोण बसेल? दलाल? तो मोटारसायकलवर आला, आता त्याच्याकडे टँकर आहे. चुणी त्याच्या हाती द्यायला माझी हरकत नाही, तळाचा गाळ नाही देणार.

शंकेखोर : मीही नाही. मग इतकं करा. आवार, काटा, पाइप, पाण्याच्या वाटा यांवर मी सही करतो, आणि पाळी आधी लिहा. भट्टीत जाणाऱ्या घातक गाळावर सही करणार नाही, जोवर कोळारच्या गावाला आणि धुराड्याखालच्या गावाला, दोघांनाही, गाडीत काय आहे हे गाडी निघायच्या आधी कळत नाही. परवानगी मागू नका, ती कशीही मिळवली जाते. फक्त कळवा. पंचायतीच्या फळ्यावर, मराठीत आणि कन्नडमध्ये.

उत्साही : नियमात तशी सोय आहे का, ते मी पाहिलं. घातक माल घेऊन गाडी निघते तेव्हा दहा नंबरचा फॉर्म भरतात. सात प्रती, सात रंगांच्या. पांढरी प्रदूषण मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याकडे, गुलाबी घेणाऱ्याकडे, नारिंगी वाहतूकदाराकडे, हिरवी पुन्हा मंडळाला, निळी परत पाठवणाऱ्याला, आणि माल दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर करडी पाठवणाऱ्याच्या राज्याच्या मंडळाला.

शंकेखोर : आणि ग्रामपंचायतीला?

उत्साही : आठवा रंग नाही.